सज्ज

शेरीफच्या माणसाने फाटकावर तीन शब्द ठोकले होते:
तयार. सज्ज. निघा.
आम्ही नऊ दिवस मधल्या शब्दात राहिलो.

तिथे राहणं तसं अवघड नाही,
फक्त बूट काढून झोपता येत नाही.
गाड्यांची तोंडं रस्त्याकडे, किल्ल्या आतच,
आणि रस्ता एकच, दरीत उतरणारा,
मध्ये एक पूल, तोही लाकडी.

जंगल जळत होतं कड्याच्या पलीकडे.
इथून ज्वाळा दिसत नव्हत्या.
दुपारी तीनला दिवे लावावे लागत
आणि कितीही झाकलं तरी माझ्या पिठात राख उतरे.
एकदा तर अख्खं पान आलं, नेच्याचं,
शीर न् शीर शाबूत.
बोट लावलं, आणि नव्हतंच.

मी या कॅम्पची स्वयंपाकीण. तेवीस उन्हाळे.
माणसं किती घाबरलीत ते मला भांड्यांवरून कळतं.
पहिल्या दिवशी कुणी जेवलं नाही.
चौथ्या दिवशी पातेली खरवडून नेली.
सहाव्या दिवशी हाल्वर म्हणाला, मीठ कमी आहे,
तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

रोझाल्बाने घोड्यांच्या अंगावर फोन नंबर रंगवले,
ऐन वेळी दार उघडून सोडून द्यावे लागले तर म्हणून.
म्हातारी घोडी मान वळवून
शेवटचा सात चाटून टाकायची.
रोज सकाळी रोझाल्बा नवा सात काढायची,
शिव्या घालत, मग कपाळाला कपाळ टेकून.

ज्या तळ्यात आमची सगळी पोरं पोहायला शिकली
त्यात हेलिकॉप्टर बादली बुडवत होतं.
ड्यूई मोजायचा. सहा वर्षांचा आहे.
एकशे बाराव्या बादलीला त्याने विचारलं,
तळं संपलं तर?
तळं मोठं आहे, ऑर्विल म्हणाला.
त्या रात्री मी पाहिलं, ऑर्विल काठावर वाकून
पाण्याच्या रेषेत एक खुंटी ठोकत होता.

काय न्यायचं यावर दोन बैठका झाल्या.
कुणी पियानो म्हणालं. कुणी विम्याचे कागद.
टॅम्झिन काही बोलली नाही, पेचकस घेऊन आली
आणि जेवणघराच्या चौकटीची डावी फळी
सोडवायला बसली.
त्या फळीवर साठ वर्षांची उंची आहे:
पेन्सिलीच्या रेघा, चाकूच्या खाचा, नावं, तारखा.
ऑर्विलचा भाऊ लायनस
अकराव्या वर्षाशी थांबलाय तिथे. पुढची रेघ नाही.
फळी घोंगडीत गुंडाळली,
ऑर्विलच्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर तिरकी ठेवली.
त्याने तिला पट्टा लावला. कुणी हसलं नाही.

दहाव्या रात्री वारा फिरला.
काठीला बांधलेली हाल्वरच्या पायजम्याची तंगडी
आमच्याकडे बोट दाखवायची सोडून
आली तिकडेच वळली.
सकाळी तो माणूस आला, बाण वर सरकवला:
तयार.
बर्फ पडेपर्यंत हाच शब्द, म्हणाला. कॉफी प्यायला. गेला.

मग फळी परत बसवली, घाईत, धुरकट उजेडात.
जुनी भोकं झिजली होती, स्क्रू धरेनात.
नवी पाडली, दोन बोटं वर.
न्याहारीला सगळ्यांच्या लक्षात आलं.
ड्यूई पाठ लावून उभा राहिला, वर पाहून किंचाळला,
मी बुटका झालो!
ऑर्विलने लायनसच्या रेघेवर तळहात ठेवला,
बराच वेळ.
वाढला, म्हणाला. आणि ताट घेऊन रांगेत लागला.

फळी कुणी खाली सरकवली नाही.
किल्ल्या अजून गाड्यांतच आहेत.
घोडीच्या अंगावर सात नाही.
आज कणकेत काही पडलं नव्हतं.
तरी मी मळायच्या आधी
एकदा बोट फिरवून पाहिलं.